रजिस्ट्रारसाहेबांची तब्येत

वॉबॅश नदीकाठ, २ ऑगस्ट १८०९
जमीन कचेरीचे रजिस्ट्रार लिस्कसाहेब हिवतापाने आडवे. फार वाईट वाटलं. लगेच सूप घेऊन गेलो. इथे सरकारी जागा एकच, आणि ती एकाच मार्गाने रिकामी होते. तब्येत विचारून ठेवलेली बरी. कनेक्टिकटला बायकोला, चॅरिटीला, कळवलं, सामान बांधायला घे.

११ ऑगस्ट
पुन्हा सूप. लिस्कसाहेब म्हणाले, "आधीचे रजिस्ट्रारही याच खाटेवर गेले, तेव्हा सूप मीच आणायचो." तापात माणूस काहीही बोलतो.

१९ ऑगस्ट
साहेब गेले. मनापासून रडलो. शवपेटीला खांदा दिला. खड्डा बुजायच्या आत माझा अर्ज वॉशिंग्टनच्या टपालस्वाराच्या हाती. बाकीचे दोन उमेदवार अजून टोप्या काढून उभेच होते. अर्जात स्पष्ट लिहिलंय: प्रकृती ठणठणीत.

३ सप्टेंबर
दुपारी जरा थंडी वाजली. तीन ब्लँकेटं. खाणावळीच्या मिसेस पोग म्हणाल्या, हिवतापावर सिंकोनाची साल उकळून घ्या. घेताना कुणी पाहिलं तर गावभर बोभाटा, मग नोकरी गेलीच. निश्चय: निकाल लागेपर्यंत आजारी पडायचं नाही.

१६ सप्टेंबर
एक दिवसाआड थंडी. हवाच तशी आहे. हात थरथरतो, उत्साहाने असणार. मिसेस पोग आज दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो टटलसाहेब, साल घ्या हो. मागच्या दोघांचे कपडे मीच धुतलेत शेवटचे." या बाईला सरकारी कामकाजातलं काय कळतं?

१४ ऑक्टोबर
नेमणूक आली! आता लपवायचं कारण नाही, आजपासून साल सुरू. औषधवाल्याकडची संपली आहे. नवी वसंतात येईल म्हणे. हरकत नाही. चॅरिटीला पत्र लिहायला बसलो, दोन ओळींत हात दमला. उद्या लिहीन.

२२ ऑक्टोबर
कचेरीत अजून गेलो नाही. रजिस्ट्रारची सरकारी खाट मात्र मिळाली, आरामशीर आहे. चॅरिटीचं पत्र दोन ओळींवरच.
आज व्हर्जिनियाहून आलेला अँब्लर नावाचा तरुण भेटायला आला. भला माणूस. सूप आणलं होतं, मी न्यायचो त्यापेक्षा दाट. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तब्येत कशी आहे आता, साहेब?"
ठणठणीत, म्हटलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग माझा हात थरथरताना जाणवला असावा, जरा खुलला.
जाताना त्याने विचारलं, वॉशिंग्टनचा टपालस्वार पुन्हा कधी निघतो. शुक्रवारी, म्हणून सांगितलं. आईला पत्र धाडायचं असेल.