सेफेरिनोचा खोकला

सान मेल्कोर,
६ सप्टेंबर १९८२

ती. तेओफिला मावशीस,
ओतिलियाचा सा. न. वि. वि.

सिस्टर ब्रिखिदा उद्या जीपने राजधानीला निघते आहे. तिच्या शिवणाच्या पिशवीतून हे पत्र तुला मिळेल. उत्तर तिच्याच हाती दे, पोस्टात टाकू नकोस, आणि वाचून झालं की हे चुलीत घाल.

शुक्रवारी दादाला पुरलं. तुझ्या मठाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेल्या त्या माणसाला सांग की अंत्यविधी झकास झाला. दरीत सापडला, ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून पेटी खिळे मारूनच आणली, असं आम्ही सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. वर्षभरात गावच्या चार धर्मशिक्षकांपैकी तिघे असेच सापडले, तेव्हा चौथाही सापडणारच हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. रविवारी लष्कराने गावावर लादलेल्या गस्तीला जाण्याऐवजी चर्चमध्ये मिस्साला या, एवढंच तो म्हणाला होता. नाव मारायच्या यादीत जायला तेवढं पुरलं.

पेटीत केळीचा खांब ठेवला, त्याला दादाचा निळा कोट घातला. तरी वजन भरेना. शेवटी आईचा पाटा-वरवंटा आत गेला. लग्नात आलेला पाटा मातीत चालला म्हणून आई जी रडली, मावशी, ते ऐकून बायकांची काळजं फाटली. मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावला, तर लोक म्हणाले, बिचारी हुंदके दाबते आहे.

पेटीला पुढून खांदा कुणी दिला असेल? वेनान्सिओने. दादाचा धर्मपिता, आणि आता गस्तीचा मुख्य. दादाचं नाव यादीत त्यानेच घातलं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी याला मीच हातात धरलं होतं, असं सांगून तो धाय मोकलून रडला. रडणं खरं होतं, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आता नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे. साठ-साठ माणसं येतात, जमिनीवर पाइनची पानं अंथरलीत, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल आणि कॉफी पुरत नाही. आई मात्र बिथरली आहे. जिवंत माणसाची नोवेना म्हणजे त्याला हाताने धरून वर पाठवणं, असं तिचं म्हणणं. सगळे त्याला चिरशांती दे म्हणतात तेव्हा ती ओठ मिटून बसते. मी कोपर मारलं तर पुटपुटली, त्याला मध दे. निघण्याआधी तीन दिवस तो मक्याच्या शेतात लपला होता ना, तिथे त्याला खोकला धरला. तो गेला का, ते आधी कळव. नाहीतर ही बाई प्रार्थनेत उठून विचारेल.

लोभ ठेव, मावशी. भीतीचा साठा इथे भरपूर आहे, ती पाठवू नकोस.

तुझी,
ओतिलिया

---

ग्वातेमाला शहर,
९ सप्टेंबर १९८२

चि. ओतिलियास अनेक आशीर्वाद, आणि तिच्या शेजारी कान टवकारून बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीस:

गाढवे, तुझा लेक ठणठणीत आहे. दोन माणसांचं एकटा जेवतो. सिस्टरांना वाटतं, खेड्यातून आलेला माळी आहे. बटाटे असे सोलतो की सालीला बटाटा जास्त आणि हातात कमी. साठ माणसं आली म्हटल्यावर म्हणाला, मी जिवंतपणी प्रार्थना घ्यायचो तेव्हा अठरांच्या वर कधी आली नाहीत, मरणं हाच खरा उपाय दिसतो. कोण कोण रडलं ते त्याने तीनदा विचारून घेतलं.

पण वेनान्सिओने खांदा दिला हे ऐकल्यावर त्याने सुरी खाली ठेवली. संध्याकाळी म्हणाला, मावशी, लोकांना मी सांगत आलो की खरा मेंढपाळ पळत नाही, आणि आज माझ्या नावाने ते लोक एका केळीच्या खांबापुढे गुडघे टेकतात. मी म्हटलं, खांब झालास म्हणून वाचलास, बटाटे सोल.

एउलालिया, आता नीट ऐक. नववा दिवस रीतीप्रमाणे झाला पाहिजे. प्रार्थना संपल्यावर जमिनीवर मांडलेला क्रूस उचलण्याचा मान धर्मपित्याचा, तेव्हा तो वेनान्सिओलाच दे आणि मुकाट्याने बाजूला उभी राहा. देव काही खुळा नाही. कोण मेलंय आणि कोण लपलंय हे त्याला कळतं. गावाला कळता कामा नये, बस्स. चाळीस वर्षं मी तुला गाढव म्हणते आहे, एकदा तरी मला खोटं पाड.

खोकला आहे थोडा. मध देते. मध महाग आहे, पण तुझ्यापुढे कुणाचं चाललंय!

लोभ माझा आहेच. तो गोड बोलून सांगता येत नाही, म्हणून सिस्टरबरोबर साखरेची पुडी पाठवते.

तेओफिला

---

सान मेल्कोर,
२० सप्टेंबर १९८२

ती. मावशीस,
ओतिलियाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीने वाच. दादाच्या हाती लागू देऊ नकोस, तुला शपथ आहे.

नववा दिवस नीट पार पडला. वेनान्सिओने क्रूस उचलला, आई बाजूला उभी राहिली, रडलीसुद्धा. मला वाटलं, सुटलो.

काल फादर महिन्याच्या मिस्साला आले. चाळीस गावं एकटे सांभाळतात, कुठल्या गावात कोण मेलं हे त्यांना कुठून आठवणार? त्यांच्याबरोबर परगावची एक बाई आली होती. चर्चच्या दारात बसून ती हेतूंच्या, म्हणजे मिस्सात कुणासाठी काय मागायचं त्याच्या, चिठ्ठ्या लिहून घेत होती. मी मेणबत्त्या लावायला आत गेले तेवढ्यात आई तिच्यापाशी पोचली. तिने आडनाव सांगितलं नाही. तिच्या मते गावात सेफेरिनो तिघे आहेत, कुणाला काय कळतंय. पण चिठ्ठी कुणी दिली हे लिहायची पद्धत असते. त्या बाईने मागच्या माणसाला विचारलं आणि लिहून टाकलं.

फादरांनी आधी मेलेल्यांची नावं वाचली. मग जिवंतांची. एउलालियाचा मुलगा सेफेरिनो याच्या आरोग्यासाठी, त्याचा खोकला बरा व्हावा म्हणून. स्पष्ट, मोठ्याने, प्रेमाने वाचलं. आमेन म्हटलं एकट्या आईने. वेनान्सिओ तिसऱ्या बाकावर होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही, फक्त टोपी हातात घेतली.

आज सकाळी गस्तीच्या माणसांनी थडगं उकरलं. दुपारी वेनान्सिओ स्वतः आला, पाटा-वरवंटा आमच्या चुलीपाशी मांडून ठेवला आणि म्हणाला, घ्या, आता वाटा. मग आईला अगदी मायेने म्हणाला की पुढच्या सोमवारपर्यंत पोराला चौकीवर येऊ दे, दोन प्रश्न विचारायचे आहेत. नाहीच आला, तर पेटी तयार आहे आणि ओतिलियाची उंचीही तेवढीच आहे.

आईला वाटतं, धर्मपिता आहे, दोन थपडा मारून सोडील. मी तिला काही समजावत बसले नाही. सगळ्या वाटांवर माणसं उभी केलीत, सिस्टरची जीपही तपासतात, त्यामुळे मला निघता येणार नाही. पण मावशी, मी पंचवीस वर्षांची आहे, मला नवरा नाही, पोर नाही. गावाला दादा लागतो, मी कुणाला लागत नाही. त्याला काही कळवू नकोस. तो मेला आहे, त्याला मेलेलाच राहू दे.

मी चिडून आईला फार बोलले. ती म्हणाली, नऊ दिवस साठ माणसांनी त्याला वर ढकललं, खाली ओढायला कुणीतरी एक नको का?

तुझा लोभ पुढल्या सोमवारनंतर आईला लागेल, तिच्यासाठी राखून ठेव.

ओतिलिया

---

ग्वातेमाला शहर,
२३ सप्टेंबर १९८२

चि. ओतिलिया,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. पुन्हा एकदा वाचू म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलं. बुधवारी पीठ मळायचं काम त्याच्याकडे होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना गाढव म्हटलं, आणि वेळ आली तेव्हा मीच तशी वागले.

दार लावलं, जोडे लपवले, पाया पडले त्याच्या. मी, त्याची मावशी! त्याने माळ्याचे रबरी बूट चढवले. म्हणाला, माझ्या नावाची पेटी आहे, तिच्यात ओती कशाला? मग म्हणाला, मावशी, खांब होऊन राहिलो तीन आठवडे, पुरे झालं. आणखी म्हणाला की भीती वाटते, प्रभूलाही क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत वाटलीच होती, तेव्हा लाजत नाही. दोन बटाटे खिशात टाकले आणि गेला. फाटकाबाहेर बराच वेळ त्याचा खोकला ऐकू येत होता. मध संपला नव्हता, ओती, पण छाती भरलेली होती, काहीच उपयोग झाला नाही.

एउलालियाला यातलं काही वाचून दाखवू नकोस. तिच्या चिठ्ठीने तो परत आला हे तिला कळलं, तर ती जगायची नाही. तिला म्हण, घरची ओढ लागली म्हणून आला. म्हण, खोकला बरा झाला होता. जे सुचेल ते गोड वाच आणि कागद जाळ.

तेओफिला

---

सान मेल्कोर,
२७ सप्टेंबर १९८२

ती. मावशीस,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. त्याच दिवशी दुपारी दादाही आला. घरी आला नाही. आम्ही लपवलं असं कुणी म्हणू नये म्हणून थेट चौकीकडे चालत गेला, पायात ते मोठे बूट. आई दारात उभी होती. त्याने हॅट उंचावली आणि पुढे गेला.

शनिवारी सकाळी सगळ्यांना चौकात बोलावलं. दोन प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. गस्तीतल्या प्रत्येकाने एकेक घाव घालायचा, म्हणजे पुढे कुणी कुणाविरुद्ध बोलणार नाही, असा वेनान्सिओचा हुकूम. बावीस माणसं होती. त्यातल्या नऊ जणांना पहिल्या कम्युनियनची शिकवण दादानेच दिली होती. येईल त्याला तो नावाने हाक मारत होता आणि तुला क्षमा आहे म्हणत होता. नवव्यानंतर त्याला बोलता आलं नाही. बाकीचे तेरा तसेच राहिले. त्यातला एक काल आमच्या कुंपणाशी येऊन विचारत होता की माझं नाव घेतलं होतं का. मी हो म्हणाले. खोटं बोलले. त्याला खरं सांगायला हवं होतं असं आज वाटतंय.

रविवारी पुरलं, त्याच पेटीत. नोवेना पुन्हा मांडली आहे. येत कुणी नाही. काहींना भीती वाटते, काहींना राग आहे की आमच्याकडून एकदा फुकट रडून घेतलंत. मी आणि आई दोघीच म्हणतो.

तू सांगितलंस तसं आईला वाचून दाखवलं. माझ्या लाडक्या बहिणी, अशी सुरुवात केली. घरची ओढ लागली होती, खोकला पार गेला होता, असं सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग ती पाट्यावर मका वाटायला बसली.

तुला लिहिण्यासारखं एवढंच आहे. लोभ ठेव, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

ओतिलिया

---

सान मेल्कोर,
४ ऑक्टोबर १९८२

ती. ताईस,
एउलालियाचा शि. सा. न.

हे सिस्टर ब्रिखिदा लिहिते आहे, मी सांगते आहे. ओती झऱ्यावर गेली आहे. तिला कळवू नकोस.

आज नववा दिवस. मी सकाळी वेनान्सिओच्या दारात गेले. भर दिवसा, सगळ्यांसमोर. म्हटलं, क्रूस उचलायचा मान तुमचा आहे, पहिल्या वेळी आलात, आताही या, आता आत खरंच माणूस आहे. दार उघडलं नाही. मी तिथे उभी राहून तमालची टोपली उंबऱ्यावर ठेवली. त्या पाट्यावर वाटलेल्या मक्याचे आहेत असंही सांगितलं. परत येताना पाहिलं, कुंपणापलीकडून लोक बघत होते. क्रूस मी उचलला. जड नव्हता.

पुढच्या मिस्साला फादर येतील तेव्हा मी पुन्हा चिठ्ठी देणार आहे. माझ्या सेफेरिनोसाठी, त्याला पंचवीस तारखेला आपल्या चौकात बावीस जणांनी मारलं त्याच्यासाठी. आणि त्या बावीस जणांसाठी, एकेकाचं नाव घालून. तेरा नावं त्याची म्हणायची राहिली आहेत. यावेळी आडनावांसकट देणार आहे. सिस्टर म्हणते, नको. मी तिला म्हटलं, तू लिही.

ताई, ओती मला कागदावर नसलेलं वाचून दाखवते. मला अक्षर येत नाही, पण तू येतेस. तू मला जन्मात लाडकी म्हटलं नाहीस, माझ्या लग्नातसुद्धा नाही. ओतीने लाडकी असं वाचलं तेव्हाच कळलं की माझ्या चिठ्ठीने त्याला आणलं. आधीही ठाऊक होतंच. हेतू मोठ्याने वाचतात हे मी चाळीस वर्षं ऐकते आहे. तरी दिली. मोठ्याने म्हटल्याशिवाय वर पोचत नाही असं मला वाटायचं. ओतीला वाटतं मला माहीत नाही, तिला तसंच वाटू दे. तेवढाच तिला आधार.

एक विचारायचं आहे. त्या शुक्रवारी तो दारावरून गेला तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. खोकला नाही. दिसेनासा होईपर्यंत एकदाही खोकला नाही. पण त्याने ओठ घट्ट मिटले होते, आणि मान लाल झाली होती. देवाने माझं तेवढं ऐकलं होतं, की पोराने माझ्यासाठी दाबून धरला होता? तुझ्याकडून निघताना खोकला होता का?

खरं लिही. सिस्टर वाचून दाखवेल.

लोभ कर, पण गोड लिहू नकोस. पहिल्या ओळीत गाढवे म्हण, म्हणजे पत्र तुझंच आहे हे मला कळेल.

तुझी धाकटी,
एउलालिया