पेशा: चुट्टे वळणे

माय,

तुझ्या नावाखाली ‘गृहिणी’ असं लिहून तुझा धाकटा गेल्या महिन्यात माझ्याकडे कागद घेऊन आला. वस्तीतल्या विहारात पाण्याची टाकी बांधायची होती, आम्ही दोघा भावंडांनी ती अंगावर घेतली, आणि टाकीवर तुम्हा दोघांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. मजकूर त्यानं स्वतः तयार केला होता. वर कालकथित, मग बाचं नाव, त्याखाली ‘कोळसा खाण कामगार’. मग तुझं नाव, आणि त्याखाली ‘गृहिणी’. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि त्याला विचारलं, “ही बाई कोण रे? आपल्या घरात कधी पाहिली नाही मी.” तो हसला नाही. आता तो आदिलाबादला मोठ्या कचेरीत आहे, दरखास्ती घेऊन लोक त्याच्यासमोर उभे राहतात, त्यामुळे हसणं जरा कमीच झालंय त्याचं. “ताई, चुट्ट्याचं नाव काढू नको,” एवढंच म्हणाला. तेव्हाच मी ठरवलं की काढायचं.

चुट्टा म्हणजे आखूड, जाड, घरी वळलेला चिरूट, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. आपल्या मंचेरियलच्या घरात ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. आत शिरताच नाकाला कळायचं. चुलीच्या उजवीकडे पाण्याचा माठ, माठाला टेकून तुझ्या पानांचं मडकं. उन्हाळ्यात तिथली हवा इतकी कोरडी की पान हातात घेतलं तर पापडासारखं मोडायचं, म्हणून माठाची ओल त्याला लागावी अशी तुझी सोय. त्यापायी आपण सगळे तंबाखूच्या वासाचं पाणी प्यायचो. बा रोज कुरकुरायचा, “पानी पेऊन राह्यलो का काढा?” तू म्हणायचीस, “मंग माठ हलवा. मडकं नाई हलत.” माठ काही हलला नाही.

पान आणायला तू मला एकदा सोबत नेलंस, ते मला अजून स्वच्छ आठवतं. कागजनगरला बस बदलून बेज्जूरच्या बाजूला, तिथून चालत प्राणहितेच्या काठाला. पूर ओसरल्यावर गाळाच्या जमिनीत तिथले शेतकरी तंबाखू लावायचे. तू एका शेतकऱ्याशी मोडक्या तेलुगूत बोलते आहेस, मी तुझ्या लुगड्याला धरून उभी आहे. तू पान उचलतेस, शीर वाकवून बघतेस, चुरगाळून नाकाशी नेतेस, मग एक तुकडा पेटवून राख बघतेस. राख पांढरी आली तर माल घ्यायचा, काळी आली तर पुढच्या घरी. झाडाच्या शेंड्याची पानं तिखट, जिभेला झोंबणारी. बुडाची पानं मऊ पण पोचट. मधली तेवढी खरी. “वरच्या पानाले लई घमेंड राह्यते,” तू मला सांगितलंस, “अन् खालच्यात दम नाई.” शेतकरी वरची पानं मध्ये दडपून द्यायला बघत होता. तू सगळी जुडी सोडून त्याच्यासमोर पसरलीस आणि काही न बोलता वेगळी करत बसलीस. उन्हात मला तहान लागली होती, पण तुझं होईपर्यंत पाणी मागायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर खरं काम. पानं सावलीत टांगून वाळवायची, उन्हात घातली की वरून वाळतात आणि आतून हिरवी राहतात, तसला चुट्टा कडू लागतो. मग किंचित पाणी शिंपडून थप्पी लावायची, वर गोणपाट, त्यावर पाटा. चार दिवसांत थप्पी आतून तापायची. तू मधूनमधून कोपरापर्यंत हात आत घालून बघायचीस, जसा आम्हा पोरांच्या कपाळावर ताप बघायचीस तसाच. जास्त तापली की थप्पी मोडून वरची पानं आत, आतली वर. आधी असा उग्र दर्प यायचा की डोळ्यांतून पाणी निघायचं, आणि मग एका सकाळी तो दर्प उतरलेला असायचा, घरात मोहाच्या फुलांसारखा गोडसर वास भरलेला. बाजारातल्या दुसऱ्या बायका एवढं थांबत नसत. गुळाचं पाणी मारून पानाला गोडी आणत. तू नाक मुरडायचीस, “गुयाचं पानी पाजाले पान का बिमार हाये?”

वळताना तुझी बोटं कुणाला दिसायचीच नाहीत. आत मोडलेली पानं, त्यावर एक साधं पान, वर एक नितळ, न फाटलेलं, कडेला ज्वारीच्या पिठाची खळ. अंगठ्याएवढा जाड, चार बोटं लांब. बारीक वळलेला भसाभस जळतो आणि धूर तोंड पोळतो, जाड मंद जळतो आणि धूर निवत निवत येतो, हे मला तिसरीतच पाठ होतं. घट्ट वळला तर ओढताना गाल बसतात, सैल वळला तर मधेच भोक पडून एका बाजूनं जळत जातो. प्रत्येक घाण्यातला एक तू स्वतः ओढायचीस. जेवणं झाली की मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून, डोळे अर्धवट मिटून. तेव्हा कुणी बोललेलं तुला चालायचं नाही. बाचे नातेवाईक तामसीकडून आले की तुला असं बसलेलं बघून त्यांची तोंडं वाकडी व्हायची. “बाईमानूस अन् चुट्टा!” तू धूर सोडायचीस आणि त्यांना भाकरी किती टाकू विचारायचीस.

आणि खाणीच्या फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली तुझं बसणं. खाणीत खाली आगकाडी न्यायची नाही, चुट्टा न्यायचा नाही, फाटकावर झडती. म्हणून पाळीवर जाण्याआधी माणसं तुझ्याजवळ उकिडवी बसून ओढून घ्यायची. भोंगा झाला की अर्धा विझवून तुझ्याकडेच ठेवून जायची, वर आल्यावर उरलेला ओढायला. ह्याचा तुला भयंकर राग. विझवून पुन्हा पेटवलेला चुट्टा कडवट लागतो, सगळा अर्क ओढायच्या टोकात उतरून बसतो. माझ्या मालाची चव घालवता, असं तू त्यांना फाडफाड बोलायचीस. ते हात जोडून म्हणायचे, “उंडनी अम्मा, राहू दे.” तू चुट्टे आखूड केलेस, भोंग्याआधी संपावेत म्हणून. त्यांनी आखूडही अर्धेच ओढले. त्या दिवशी तू घरी येऊन पदराखालची टोपली आदळलीस. “आता का बोराएवढे करू?”

बा भाकरी खात होता. तो कधी जास्त बोलायचा नाही. तो म्हणाला, “ते चवीसाठी ठेवत नाईत वो. खाली अस्ताना वर आपलं काईतरी वाट पाहून राह्यलं, असं वाटते आमाले.” तू त्याच्याकडे बघत राहिलीस, कारण तो ‘आमाले’ म्हणाला होता. त्याचाही अर्धा चुट्टा रोज तुझ्याच टोपलीत असायचा आणि तू त्यालाही रोज शिव्या द्यायचीस.

दुसऱ्या दिवशी तू एक फळी आणलीस, तापल्या सळईनं तिला भोकं पाडलीस, ज्याचं त्याचं भोक ठरवून दिलंस. पण तेवढ्यावर भागवणारी तू नव्हतीस. कडवट चुट्टा तुझ्या हातून कुणाच्या तोंडात जाणं तुला मान्यच नव्हतं. कितीतरी घाणे तू वाया घालवलेस, पेटवून, विझवून, दुपारभर ठेवून, परत पेटवून चव बघत. आणि मग तू चुट्टा वळायची रीतच बदललीस. पेटवायच्या बाजूच्या अर्ध्यात मधलं पान, तोंडाच्या बाजूच्या अर्ध्यात बुडाचं मऊ, पोचट पान, जे तू आधी फुकट मिळालं तरी घेत नव्हतीस. आता विझलेला अर्धा पुन्हा पेटवला की चढलेला कडवटपणा आणि पानाचा मऊपणा बरोबरीला यायचे. वर आलेली माणसं तोंडं काळी, डोळे लाल, आपापल्या भोकातला चुट्टा काढायची, ओढायची आणि तुझ्याकडे बघायची. आता सांग, ही बाई गृहिणी?

पण माझं भांडण धाकट्याशी नाही, तुझ्याशी आहे. त्याला हे तूच शिकवलंस. मला आदिलाबादच्या वसतिगृहात घालायला तू आलीस तेव्हा तिथल्या कारकुनानं विचारलं, “मां का पेशा?” तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “माझी माय चुट्टे वळते. खाणीवरचे सगळे तिचेच ओढतात.” मला वाटलं होतं तू खूश होशील. तू कागदावर अंगठा दिलास, बाहेर आणून माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की वळ उठला. “काऊन सांगितलं वो? घरकाम म्हनाचं! आमी लोकायच्या वावरात मजुरी सोडून आलो ते काय पोरीले कोनी चुट्टेवालीची म्हनावं म्हनून?” मी त्या दिवसापासून घरकाम म्हणायला लागले. नोकरी लागली तेव्हा घरकाम, लग्न जमलं तेव्हा घरकाम. तू गेलीस तेव्हा तुझ्या पुण्यानुमोदनाला भाषणं झाली, त्यातही घरकाम. बाच्या छातीत गेलेल्या कोळशाला सगळ्यांनी हात जोडले. तुझ्या बोटांचा पिवळा रंग कुणाला आठवला नाही.

मी हे सगळं मागच्या पंधरवड्यात विहाराच्या बैठकीत बोलले. मजकूर बदलून नेला होता: ‘चुट्टे वळून मुले शिकवली.’ कमिटीचे सचिव भले गृहस्थ आहेत, माझेच विद्यार्थी. ते म्हणाले, “बाई, पंचशील आहे. विहारात तंबाखूचं नाव कसं चालेल? लोक आजारी पडतात त्यानं.” मी म्हटलं, पडतात. मी तीस वर्षं वर्गात पोरांना सांगितलं की तंबाखूला हात लावू नका, आणि उद्याही सांगेन. पण कोळशानं कोण धडधाकट राहिलं? तो शब्द चालतो ना टाकीवर? धाकटा उठून म्हणाला, “कोळसा सरकारी होता, ताई.” सगळे हसले, मीसुद्धा. मग मी म्हटलं, माझ्या आईचं काम विहारात बसत नसेल तर दगड बसवूच नका, पण ‘गृहिणी’ लिहून तिला आत घ्यायची मेहरबानी करू नका. टाकीवर आता एकट्या बाचं नाव आहे, आणि धाकटा माझ्याशी बोलत नाही.

तुझा दगड मी वेगळा कोरून घेतला, नावाखाली ‘पेशा: चुट्टे वळणे’, आणि आज सकाळी माझ्या गेटाच्या खांबात बसवला. गवंड्यानं दोनदा विचारलं, “हाच बसवायचा ना, बाई?” समोरच्या घरातली सून पाणी भरता भरता थांबून वाचून गेली. शाळेत जाणारी पोरं खिदळली. खिदळू देत. दुपारी धाकटा आला होता, गेटाबाहेर उभा राहून वाचलं, आणि आत न येता परत गेला. जाताना त्यानं दगडावरून हात फिरवला की नुसता आधाराला टेकला, ते मला खिडकीतून नीट दिसलं नाही.

पाठवायचं कुठे हे पत्र, आणि पाठवून तरी काय, तुला अक्षर येत नव्हतं. तसं माझं मी म्हणते की तुझ्या मानासाठी भांडले. कुणाच्या बापाला भीत नाही मी, कमिटीला नाही, भावाला नाही. पण एक कबूल करते. आज तू त्या गेटाशी येऊन, दगडाकडे बोट दाखवून विचारलं असतंस ना, “काय लिवलं वो हे?”, तर मी तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं, “घरकाम, माय.”