टोप्या तीन, डोकं एक

तीर्थस्वरूप वन्सं, तुमच्या पायांवर डोकं ठेवून धाकटी वहिनी लिहिते,

तुमच्याकडून गेल्या पाच आठवड्यांत पोचलेलं असं: लोकरीच्या टोप्या तीन, पायमोजे दोन जोड, देवापुढच्या सुकलेल्या फुलांची पुडी एक. पार्सलांवरची तिकिटं मोजली, लोकरीपेक्षा टपालच महाग पडलंय. पत्र, शून्य. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, म्हणजे भाऊजींना रक्ताचा कर्करोग आहे तेवढं सोडून. (फुलं मी देवघरातच ठेवली. त्यांच्या खोलीत फुलं, माती, धूळ काही चालत नाही. देवाला सांगितलंय, तो समजूतदार आहे.)

सुरुवातीपासून लिहिते, कारण तुम्हाला फोनवर ह्यांनी सांगितलं, आणि हे कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगतात. औषधांनी भाऊजींचा आजार सध्या दबलाय, पण तो दबलेला आहे तोवरच दुसऱ्याच्या मूळपेशी त्यांना द्यायच्या आहेत. मला वाटलं मोठं ऑपरेशन असेल. तसं काही नाही. आधी जबर औषधं देऊन त्यांचं रक्त तयार करणारा जुना कारखाना बंद पाडतात, मग त्या पेशी सलाईनसारख्या बाटलीतून शिरेत सोडतात आणि नवा कारखाना उभा राहायची वाट बघतात. त्यांच्या एचआयव्हीमुळे नाही म्हणतील अशी धास्ती होती. पण डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि मान डोलावली. अकरा वर्षं सकाळी आठची गोळी चुकलेली नाही, त्यामुळे विषाणू तपासणीत दिसतसुद्धा नाही. (त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली चाळीस घड्याळं चाळीस वेळा दाखवतात, पण भाऊजींचे आठ म्हणजे आठ.) गोळ्या पुढेही चालूच राहणार, एखादी बदलतील.

पेशी जुळतात का ते बघायला भावंडांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची होती. सूचनेत लिहिलं होतं, आधी अर्धा तास तोंडात काही घालू नये. मी विचार केला, एवढं मोठं काम, त्याला अर्धा तास कसला, म्हणून ह्यांना सूर्योदयापासून निर्जळी ठेवलं. संध्याकाळी काडी फिरवली तेव्हा तोंडाचं वाळवंट झालं होतं. प्रयोगशाळेने नमुना परत पाठवला, नीट घ्या म्हणून. हे त्या दिवसापासून माझ्याशी धर्मावर बोलत नाहीत. दुसऱ्या खेपेला जुळणी निम्मी निघाली, आणि ह्यांच्या हृदयात गेल्या साली स्टेंट बसवलाय, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला ठेवलं. दात्यांच्या मोठ्या यादीतही आजवर कुणी जुळलेलं नाही. तुमची काडी मात्र पूर्ण जुळली.

तिथे मी एक गोष्ट विचारून घेतली. पेपरात वाचलं होतं, की काही माणसांच्या पेशी जन्मापासूनच अशा असतात की त्यांत तो विषाणू सहसा शिरू शकत नाही, आणि असा दाता मिळून एखाददुसऱ्याचे दोन्ही आजार गेले. म्हटलं, मग तसलाच दाता बघा ना, एका खर्चात दोन कामं होतील. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, तसे दाते फार दुर्मिळ, त्यात जुळणारा आणखी दुर्मिळ. आपल्याला कर्करोग घालवायचाय, आणि त्यासाठी ताई आहेत. भाऊजींना वेगळीच काळजी. नंतर त्यांचा रक्तगट तुमचा होणार, तेव्हा स्वभावही येतो का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. (येत नाही. ह्यांना हायसं वाटलं.)

तुमच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, की देताना त्याचा आजार नळीतून उलटा आपल्यात चढेल का, असं तुम्ही तिला विचारलंत. मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं, ती मेली गावभर सांगेल. वन्सं, तुम्ही आणि भाऊजी एका खोलीतसुद्धा नसता. तुम्हाला चार-पाच दिवस रोज इंजेक्शन, हाडं जरा ठणकतात. मग तुम्ही खुर्चीत पाचेक तास, एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी तेवढ्या वेगळ्या निघतात, बाकीचं दुसऱ्या हातात परत येतं. पिशवी तुमच्याकडून त्यांच्याकडे जाते. त्यांच्याकडून तुमच्याकडे यायला वाटच नाही. दिलेलं महिन्याभरात शरीर भरून काढतं. त्याआधी तुमची स्वतःची तपासणी होईल, आणि तुम्ही नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंतच थांबता येईल, हे एकदाच सांगितलं.

मोठ्यांना साष्टांग, लहानांना आशीर्वाद. गुडघ्यांना शेक द्या.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. टोप्या सुंदर आहेत, पण डोकं एकच आहे. आता पाठवू नका.

ता. क. २. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, त्याचा कप वेगळा ठेव. ठेवला मी, दांड्याला लाल दोरा बांधून. कपाने काही होत नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तरी दोन वर्षं दोरा सोडला नाही, तेव्हा दोष तुमचा एकटीचा नाही. भाऊजी तो कप स्वतः विसळून ठेवायचे. परवा नर्सबाईंनी सांगितलं, पेशी दिल्यावर बरेच दिवस त्यांची भांडी वेगळी ठेवा, आपल्यापासून त्यांना धोका असतो. मी खाली बघत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, लाल दोराच बांधा. सवयीचा आहे."

मला तिथे बसवेना. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

ता. क. ३. सोबत तिकीट लावलेलं कार्ड आहे, पत्ता घातलाय. तुमची शाई वाचावी म्हणून "येते" एवढं मीच लिहून ठेवलंय, खाली फक्त सही करा. "येत नाही" लिहायचं असेल तर माझा शब्द खोडून ते तुमच्या हाताने लिहा. काहीही असो, उलट टपाली पाठवा.