मारबतीसोबत गेलेलं खत

१२ मे
झाकण उघडलं तर खताचा ड्रम कोरडा ठणठणीत, लाल मुंग्या. दोन तांबे पाणी मारलं. सासूबाई मागच्या दारात उभ्या. "घरची घाण घरातच काऊन ठेवून राहिली तू?" ओल्या कचऱ्याचं खत होतं म्हटलं. "पोरीले काही झालं तं पाहशील मंग." चिऊचं नाव कशाला मध्ये? डोकं फिरलं.

९ जुलै
आठवडाभर पाऊस. ड्रममध्ये पाणी शिरलं, वास पार गल्लीपर्यंत. अळ्या. माहेरून, आमगावहून, पोतंभर तणस, भाताचा पेंढा, आणली, थर दिला, ढवळलं. सा.बा. आता मागच्या ओसरीत जेवत नाहीत. हे आमच्या दोघींच्या मध्ये पेपर उघडून बसतात. वास उतरायलाच हवा.

१९ ऑग.
चिऊला ताप, उतरेना. दवाखान्यात ठेवलं. सा.बा. : "तो ड्रम काढ. हात जोडतो तुले." मी म्हटलं, तापाचा नि ड्रमचा काही संबंध नाही. चांगलं ठणकावून म्हटलं. पण तिला सलाईन लावताना...

२३ ऑग. मारबत, पोळ्याचा दुसरा दिवस
सकाळी डबा न्यायला घरी आले. गल्लीत मारबतीच्या पुतळ्यामागे आरोळ्या, "ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" फुटकी सुपं, झिजलेले झाडू शिवेवर टाकायला लोक निघालेले. त्यात सा.बा., कमरेवर टोपलं. माझं खत! मागे ड्रम उपडा. भर गल्लीत ओरडले त्यांच्यावर. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

२५ ऑग.
ताप उतरला. डॉ. म्हणतात औषध लागू पडलं. सा.बा. म्हणतात मारबत घेऊन गेली. चिऊने वरणभात मागितला, मला रडूच आलं. भांडण नंतर.

१६ नोव्हें.
शिवेवर, खत टाकलं तिथेच, कोहळ्याचा वेल. ही मोठाली कोहळी! चिऊ धावली, "आजी, आपलं कोहळं!" सा.बा.नी हात धरून ओढली. "मारबतीसंगं गेलेलं घरी नाही आणत."

२१ नोव्हें.
कोहळी कोणीतरी तोडून नेली. सा.बा. दिवसभर धुसफुसत. "बिया तं आपल्याच होत्या ना!" संध्याकाळी भाजी निवडताना देठं माझ्याकडे सरकवली. "ठेव तुझा ड्रम. पण पोरीच्या खिडकीपासून दूर." माझा विश्वासच बसेना.

८ जाने.
कडाक्याची थंडी. ड्रम गारठला, काही कुजेना. पोत्याने गुंडाळला. सा.बा. : "निजला का वो तुझा ड्रम?" हसलो दोघी. किती दिवसांनी.

११ फेब्रु.
आज हात घातला तर आतून चांगली ऊब. जमतंय! सांगायला घरात धावले, तर चिऊ भरदुपारी गोधडीत. अंग गरम. सा.बा.नी तिच्या कपाळाला हात लावला आणि मागच्या दाराकडे पाहिलं. त्यांचं काय घेऊन बसले, माझीही नजर आधी तिकडेच गेली.

थर्मामीटर काखेत लावलंय.