सासऱ्याच्या डाव्या हाताची कोयती

आदरणीय मेलेसियोकाका,

आशीर्वादासाठी तुमचा हात इथूनच कपाळाला लावतो. काकूंची कंबर, तुमचा खोकला आणि भट्टीशेजारी झोपणारं ते काणं मांजर, सगळे बरे असतील असं धरून चालतो. मी उत्तम आहे. तुमच्याकडून निघालो तो आधी मासेमारीच्या होडीवर, मग बर्फाच्या कारखान्यात, मग (ही गोष्ट मोठी आहे, भेटीत सांगेन) एका बँडबरोबर झांजा वाजवत पालोम्पोन गावाला पोचलो. इथे लुमिंग भेटली, म्हणून थांबलो.

लुमिंगचे वडील तेओदुलो माडावर चढून माडी काढतात. रीतीप्रमाणे मी लग्नाआधी त्यांच्या घरी राबतोय: पाणी भरतो, लाकडं फोडतो, डुकराला खायला घालतो (डुकराचं माझ्याबद्दल मत चांगलं आहे). पण एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "ओझं तर रेडाही वाहतो रे बाबा. तुला येतं काय?" मी म्हटलं, मेलेसियो लोहाराचा पुतण्या आहे, अशी कोयती करून देतो की माड आपणहून वाकेल. ते म्हणाले, "कर. मग पोरीचं बोलू."

मग काय, खांबांवरच्या त्यांच्या घराखालीच भट्टी मांडली. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद, करवंट्यांचा कोळसा, वाऱ्याला टेबलपंखा. धारेच्या चाकाला मोटर हवी होती, ती लुमिंगच्या आईच्या कपडे धुण्याच्या मशीनमधून काढली (त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे काम फार एकाग्रतेनं झालं). सगळं तुम्ही शिकवलंत तसंच: पात्याची डावी बाजू सपाट, धारेचा उतार फक्त उजवीकडे, चाकावर तापायला लागलं की लगेच पाण्यात. मूठ रेड्याच्या शिंगाची. धार बघायला हातावरून फिरवली तर केस साफ. खोटं कशाला सांगू, तुमच्या हातूनही याहून चांगली क्वचितच झाली असेल.

सकाळी सगळी आळी माडाखाली जमली. तेओदुलो वर चढले आणि पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक कापायला लागले. तिथली चकती कागदासारखी पातळ निघावी लागते, तरच रस गळतो. पातं सरळ आत घुसलं आणि अर्धी पोय माझ्या पायाशी येऊन पडली. वरून शांत आवाज आला, "जावईबापू, मी कुठल्या हातानं जेवतो?"

काका, माणूस डावखुरा आहे; धारेचा उतार डावीकडे हवा होता. रोज त्यांच्यासमोर बसून भात खातो मी, पण शेजारी लुमिंगही बसलेली असते. आता गावच्या संताच्या जत्रेपर्यंत मुदत मिळाली आहे. तोवर डाव्या हाताची कोयती झाली तर लग्न, नाहीतर मी आणि माझ्या झांजा. काळजी नसावी. मला तरी काही वाटत नाही.

तुमचा लाडका,
सेल्सो

ता.क. डाव्या हाताची एक कोयती तेवढी करून बोटीनं पाठवा. तुमचा शिक्का मारू नका.

ता.क. दोन. लुमिंगनं मागे उभं राहून हे सगळं वाचलं. कोयती पाठवू नका. दुसऱ्याच्या हातची आली तर ती स्वतः वडिलांना सांगणार आहे. मीच करतो. तुम्ही मागणी घालायला तेवढे या. वडीलधारं माणूस बरोबर नसलं तर इथे त्या बोलण्याला कोणी बसतच नाही.

ता.क. तीन. पत्र टाकायला निघालो तर लुमिंग माडावर, उजव्या हातात माझी कोयती. चकती अशी निघाली की तिच्यातून ऊन दिसलं. खाली उतरून म्हणाली, "ही मी ठेवते. तुझं जत्रेला बघू." म्हणजे ठरलंच. येताना चांगला सदरा घाला, आणि कपडे धुण्याच्या मशीनची एक मोटर घेऊन या. ती विसरलात तर बाकी काही आणून उपयोग नाही.