हेडबाईंची चोरी

३ मार्च

सासूबाई चोरी करताना सापडल्या. बुटाच्या पॉलिशच्या डब्या! आमच्या घरात पॉलिश करायचे बूट कुणाकडेच नाहीत.

उभा जन्म हेडबाई म्हणून काढला. पेन्सिल उचलली म्हणून पोरांना उन्हात उभं करणारी बाई. दुकानाच्या दारात रखवालदाराने पिशवी उलटी केली, तर म्हणतात कशा — "बरं मग?" मान ताठ. शेजारी मी. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण खोटं कशाला लिहू, आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक कामावर लाल शाईने फुली मारत आली ही बाई.

४ मार्च

दुकानाने तक्रार केलीच. ठाण्यात नवरा म्हणाला, "चुकून पडल्या असतील पिशवीत."

मॅनेजर म्हणाला, "चुकून एक पडते साहेब. पिशवी भरत नाही."

घरी आलो तर नणंदेचा फोन. "आई असं करणारच नाही. तू होतीस ना बरोबर?" तिला काय म्हणायचंय ते न कळण्याइतकी मी खुळी नाही.

९ मार्च

वकील म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवा. नवऱ्याला वेळ नाही, नणंदेला तर नाहीच. मी रिकामटेकडी!

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. मेंदूचा पुढचा भाग झिजत चाललाय म्हणे. चोरी वाईट, हे त्या तोंडाने सांगतील, पण हात आवरणार नाही. लाजही वाटणार नाही.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी असावं."

म्हणजे त्याआधी मला जे जे बोलल्या ते शुद्धीत! बरं झालं, एकदाचं कळलं.

११ मार्च

दाखला मिळाला. हा कोर्टात दिला की दुकान तक्रार मागे घेईल, वकिलांचं बोलणं झालंय. सुटले.

१४ मार्च

कसली सुटतेय. नणंद आली. तिच्या मुलीचं लग्न ठरतंय. "आजी वेडी असं कागदावर आलं की संपलंच सगळं."

म्हटलं, "ताई, वेड नाही, आजार आहे."

"लोक काय डॉक्टरला विचारायला जाणारेत?"

मग नवऱ्याने घसा खाकरला. "कॅमेऱ्यात तुम्हा दोघींच्या पाठीच दिसतात म्हणे. तू सांगितलंस की डब्या तूच टाकल्यास... दंड भरून सुटशील."

"म्हणजे मी चोर?"

"चोरी लोक विसरतात गं," नणंद म्हणाली. "वेड नाही विसरत."

चोर सोडून संन्याशाला फाशी! तीही घरच्या घरी, बैठक घेऊन. सासूबाई तेवढ्यात नणंदेच्या पर्समधून कंगवा काढून स्वेटरखाली लपवत होत्या. मी बघितलं, आणि लपवू दिलं.

१५ मार्च

दिवसभर भांडी आपटली.

२१ मार्च

कोर्ट. नवरा कानाशी — "घराचा विचार कर." घर म्हणजे तो आणि त्याची बहीण.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "डब्या तुम्ही घेतल्यात?"

"घेतल्या की," सासूबाई म्हणाल्या. "छान चकचकीत होत्या."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझा दंड धरला. हिसडा देऊन सोडवला आणि दाखला पुढे केला. मायेबियेने नव्हे. हे स्पष्ट लिहून ठेवते. मला चोर म्हणवून घ्यायचं नव्हतं, बस्स.

तक्रार मागे. बाहेर नणंद अंगावर आली — "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस." सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किती जाड झालीस तू." इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं मला पहिल्यांदा आवडलं.

२४ मार्च

नवरा बॅग भरून बहिणीकडे गेला. "तूच तिला वेडी ठरवलीस, आता तूच सांभाळ." आईला साधं येतेस का म्हणूनही विचारलं नाही.

कडी लावून आत आले. "गेला?" त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून भित्रा."

चहा टाकला. दोघींचा.