कानात बोललेलंही सांगावं लागतं

प्रिय आई,

खोलीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा आम्हा दुभाष्यांचा नियम आहे. म्हणून हे पत्र तुला धाडणार नाही, पण आज छाती फुगलीय माझी.

दवाखान्यात डॉक्टर एका सासू-सुनेला त्यांच्या बाळाचा आनुवंशिक आजार इंग्रजीत समजावत होत्या. त्या सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "त्यांना सांगू नका, पण हे हिच्या माहेरचंच." पण खोलीत बोललेला शब्द न् शब्द सांगायचा, हाही आमचा नियम; मी 'सांगू नका'सकट सगळं डॉक्टरांना सांगितलं. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाल्या, "आजार आईबाप दोघांकडून आलाय. दोष कुणाचाच नाही." मी ते मराठीत सांगितलं. सून म्हणाली, "पुन्हा सांगा ना."

आपला धाकटा गेला तेव्हा आजीने तुझ्या माहेराला बोल लावला, आणि तुला हे सांगणारं कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा सांगताना मी तुझ्याशी बोलत होते.

तुझी,
थोरली